डाव्या हाताची तालीम

८ जानेवारी १९६३
बायकोच्या, कौशल्येच्या, डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. विजेचा शेकही संपला. कॅन्सर गेला. हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणाले, श्वासाबरोबर हळू झुलवा, बोटांनी भिंत चढा, दुखलं की थांबा. यासाठी डॉक्टर कशाला? मी इंग्रजी एकट्याने शिकलो. शरीरशास्त्राचं पुस्तक आणलं आहे. हात मीच बरा करणार.

११ जानेवारी
शेजारची राजलक्ष्मी आली. तिचंही हेच ऑपरेशन, दोन वर्षांपूर्वी. दोघी हात झुलवतात आणि गप्पा मारतात. श्वास चुकतो, हे मी दाखवून दिलं. राजलक्ष्मी म्हणाली, अण्णा, जरा स्वल्प गप्प बसा, आम्ही माणसं आहोत, कापडाचे तागे नाही. आता ती स्वतःची वेणी घालते. निव्वळ नशीब. येऊ नका म्हणून सांगितलं.

२० जानेवारी
माझी पद्धत सुरू. चिकपेटेतल्या दुकानात आयुष्यभर कापड मोजलं, म्हणून माझे खांदे असे. मांजरपाटाचा तागा घरी आणला. हिने रोज तो अख्खा मोजायचा, डावा हात पूर्ण ताणून. म्हणाली, अहो, दुखतंय. म्हटलं, म्हणजे लागू पडतंय.

२ फेब्रुवारी
हिच्या पोलक्याची डावी बाही चढेना. देवाप्पा शिंप्याला झापलं.

९ फेब्रुवारी
डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या रुतल्या. कासाराने माप चुकवलं. वाढवाव्या लागल्या. हात भरलाय, म्हणजे स्नायू धरतोय. पुस्तकात आहे तसं. पान सापडलं नाही.

१२ फेब्रुवारी, पहाट
हात लाल, गरम. थंडी वाजून ताप. हवा बदलली आहे. आज अर्धाच तागा.

१३ फेब्रुवारी
राजलक्ष्मीने मला न विचारता टांगा बोलावला. हॉस्पिटल. डॉक्टरांनी विचारलं, हाताला काय केलंत? पद्धत समजावली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ही सूज आता कायमची. असा ताप पुन्हा आला तर जिवावर बेतेल. मी पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही.

३ मार्च
ही घरी आली. हळू झुलवायला डॉक्टरांची परवानगी आहे. राजलक्ष्मी आली, दोघी आतल्या खोलीत गेल्या. सूचना द्यायला उठलो, तोच दार लागलं आणि वरची कडी सरकली. राजलक्ष्मी ठेंगणी, तिचा हात तिथे पोचत नाही. कडी हिनेच लावली. कोणत्या हाताने, असं विचारलं. आत दोघी हळूहळू श्वास सोडत होत्या.