चार हातांसाठी एक पडदा

प्रिय ऑल्विन,

आधी वस्तुस्थिती, आणि तीही क्रमाने. पहिली गोष्ट, मागच्या खोलीतला माझा जुना संगणक अखेर गेला. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून, मुरून, पिऊन व्हायचा, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात त्याच्या पडद्यावर एक हिरवी उभी रेघ उमटली आणि तिच्यामागे आपल्या अर्ध्या स्वरलिपी दिसेनाशा झाल्या. दुसरी, त्यातले सगळे मी वेळीच काढून घेतले; तुझे एकही पान हरवलेले नाही. तिसरी, त्याच्या जागी मी असा लॅपटॉप घेतला आहे, ज्याचा पडदा पाठीमागे पूर्ण वळतो आणि पाटीसारखा हातात धरता येतो. चौथी, ईस्टरनंतर तू तुझ्या भाचीकडून, कर्स्टनकडून, मला टाइप केलेला मजकूर पाठवलास की तुझी बोटे आखडली आहेत, सबब एकाच पियानोवरचे आपले चार हातांचे वादन यापुढे बंद. पाचवी, ऑक्टोबरच्या कार्यक्रमपत्रिकेवर आपली दोघांची नावे अजून आहेत. ती पत्रिका छापायला मी देते, आणि मी ती बदललेली नाही.

यंत्र निवडायला तू बरोबर असतास तर माझा त्रास वाचला असता, दुकानदाराचाही. मी पियानोवरची स्वरलिपी ठेवायची फळी स्क्रू काढून उतरवली, शालीत गुंडाळली आणि माउंट गॅम्बियरच्या मुख्य रस्त्यावरून दुकानात नेली. विक्रेत्याचे नाव जेरड. वय चाळिशीचे, आवाज रेडिओवरच्या निवेदकाचा, आणि त्याने मला पहिल्याच वाक्यात नावाने हाक मारली. ग्लेनिस, सिनेमे बघायला हवाय का, असे त्याने विचारले. मी म्हटले, पाने बघायला हवाय. त्याच्याकडचे बहुतेक पडदे टपालपेटीच्या फटीसारखे, आडवे आणि बुटके. स्वरलिपीचे पान उभे असते, हे मी त्याला तू रचलेल्या ‘लोकरीचा मोसम’चे पान पडद्यावर धरून दाखवले. मग एकेक यंत्र उलटे वळवून माझ्या फळीवर ठेवून पाहिले. काही घसरली, काहींची बिजागरी पान उलटताना डुलत होती. जेरड म्हणाला, “तुम्ही सरळ पियानोच उचलून आणायचात ना.” मी म्हटले, विचार तोच होता, पण गाडी लहान पडली.

पंखा असलेले यंत्र मी घेणार नव्हतेच. तुझ्या संथ भागात आपण श्वाससुद्धा जपून घेतो. तिथे एखादी वस्तू घोंघावू लागली तर मी ती खिडकीतून फेकीन. आवाज तपासण्यासाठी मी दुकानातले गाणे बंद करायला लावले, सगळ्यांना गप्प केले आणि यंत्राला कान लावून उभी राहिले. तेवढ्यात कुणीतरी गिऱ्हाईक आत आले आणि त्याने दबक्या आवाजात विचारले, “कोण गेलं?” जेरडने सांगितले की अजून कुणी नाही, पण निकाल लागायचाय. माणूस अगदीच टाकाऊ नाही, असे माझे मत त्या क्षणी झाले. जे यंत्र शेवटी निवडले ते बिनपंख्याचे आहे, त्याचा पडदा जवळजवळ कागदाच्या मापाचा आहे, आणि त्यावर पेनने लिहिता येते. मेमरी जेरड सुचवत होता त्याच्या दुप्पट घेतली. पान उलटायला यंत्राने विचार करत बसावे, हे मला चालणार नाही.

खरे काम घरी आणल्यावर सुरू झाले. नव्या यंत्राला वाटते की मालक तेच. त्याने मला तिसऱ्या पानाच्या मधोमध हवामान सांगितले. ते बंद केले. मी वाजवताना फळी जरा हलली की पान आडवे पडायचे. पडद्याचे ते फिरणे कुलूपबंद केले. लांब विराम आला की त्याला झोप लागायची. ती सवयही मोडली. मग मी पाने मोठी केली. खूप मोठी, इतकी की एका पडद्यावर दोनच ओळी मावतात. पांढऱ्या कागदाचा झगझगाट काढून काळ्या पार्श्वभूमीवर फिके पिवळे सूर केले, रेघा जाड केल्या. तू म्हणशील, ग्लेनिसचा चष्मा बदलायला झाला. माझा चष्मा उत्तम आहे. ओळी दोनच, म्हणजे पाने सारखी उलटावी लागणार. त्यासाठी पायाने दाबायचे एक छोटे बटण यंत्राला जोडले आणि ते माझ्या डाव्या पायाखाली बसवले. पियानोचे पेडल नेहमीसारखे तुझे, पाने नेहमीसारखी माझी. ही वाटणी आपण पहिल्या दिवशी केली होती, आणि ती बदलायचे कारण मला दिसत नाही.

शाळेत आलेल्या नव्या संगीत शिक्षिकेने तुझ्या जागी बसायची तयारी दाखवली, हे तुला कुणीतरी सांगितले असेलच. दोन रविवार मी तिच्याबरोबर वाजवून पाहिले. तिचे सगळे बरोबर असते आणि पुन्हा ऐकावेसे काहीच वाटत नाही. तू लोकर पारखायचास तेव्हा मूठभर लोकर कानाशी धरून ताणायचास, तिचा आवाज ऐकायचास आणि मग कोणत्या ढिगात टाकायची ते सांगायचास; तुझा डावा हात खालचे सूर तसेच पारखून ठेवतो. आणि जन्मभर मेंढीच्या लोकरीच्या तेलात मुरलेली ती बोटे आखडली, असे तू मला कळवतोस! त्याच आठवड्यात तू चर्चच्या विक्रीत बीटच्या लोणच्याची घट्ट झाकणाची बरणी तिघांच्या हातून घेऊन उघडून दिलीस. मी तिथेच जॅमच्या टेबलामागे उभी होते. तू माझ्याकडे पाहून हसला नाहीस, तेव्हा मला राग आला. आता येत नाही.

आता ईस्टरच्या कार्यक्रमाबद्दल. संथ भागातल्या शेवटून दुसऱ्या ओळीत तुझी एक कॉर्ड, एकदम वाजवायच्या सुरांची ती जुडी, मला कधीच पटली नव्हती. त्या आठवड्यात मी ती लाल शाईने बदलली. माझ्या लाल शाईवर तू वाद घालतोस, पण वाजवताना ती कधी टाळत नाहीस. त्या दुपारी तू जुनीच कॉर्ड वाजवलीस, मी नवीवर होते, आणि मला दाताखाली खडा आल्यासारखे झाले. मी ठरवून टाकले की हा हट्ट आहे, तोही भर सभेत. चहाच्या वेळी मी तुझ्याशी बोलणार नव्हते. पण तू कपात गरम पाणी ओतताना कडेवरून बोट आत सोडलेस, पाणी बोटाला लागले तेव्हा थांबलास. मी बघत राहिले. तू म्हणालास, “माझ्याकडे बघू नकोस, ग्लेनिस. चहा थंड होतोय.” मी नजर वळवली आणि मग मला मागचे सगळे दिसू लागले: वर्षभर तू स्वरलिपीकडे मॅगपाय पक्ष्यासारखी मान तिरकी करून बघत होतास आणि मी त्याला नखरे म्हणत होते. तू वाचत नव्हतास, ऑल्विन. सगळा ‘मोसम’ पाठ म्हणत होतास, आणि लाल शाई पाठ नव्हती.

मी कुणाला काही बोलले नाही. इथल्या नेत्रतज्ज्ञ बाईंना तुझे नाव न घेता एवढेच विचारले की नजरेच्या मधोमध धूसर झाले आणि कडेने दिसत राहिले, तर अक्षर किती मोठे, रेघ किती जाड आणि पान कोणत्या रंगाचे असावे. त्यांनी सांगितले, मी लिहून घेतले, आणि यंत्र त्या मापाने लावले. हळहळायला मला जमत नाही, आणि तू ते खपवून घेतले नसतेस. मला दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायचे नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

कर्स्टनने यंत्र तुझ्या जेवणाच्या टेबलावर उभे केले असेल, हे पत्र उघडले असेल, आणि मी सांगितल्याप्रमाणे ती कोंबड्यांकडे निघून गेली असेल. ती परत येणार नाही, तू हाक मारेपर्यंत. हे पत्र मी त्याच फिक्या पिवळ्या अक्षरांत, त्याच मापात ठेवले आहे. म्हणजे तू इथपर्यंत आला असशील, तर कुणीही वाचून न दाखवता आला आहेस, आणि बोटांची सबब आता आपण दोघांनी सोडून देऊ. यंत्र तुझे आहे; ते मी माझ्यासाठी घेतले नव्हतेच, माझे जुने कागद मला पुरतात. यानंतरच्या पानावर ‘मोसम’चा संथ भाग आहे. त्यातल्या त्या भांडणाच्या जागी, दोन उभ्या रेघांच्या मध्ये, मी काहीही लिहिलेले नाही. माझी कॉर्ड नाही, तुझीही नाही. पेन पडद्याच्या कडेला चिकटवलेले आहे. तुला जी हवी ती तिथे लिही, हवी तेवढी मोठी, आणि मी ती वाजवीन. फोन करू नकोस, कर्स्टनकडून टाइप करून घेऊ नकोस. उत्तर मला लेखी हवे आहे, तुझ्या हातचे.

तुझीच,
ग्लेनिस