तलवारीची पिल्लं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या मनातल्या मनातच घातला आहे, भेटीत पुरा करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल. तुझी भावजय मजेत आहे आणि दवाखान्यातल्या माशांना माझ्याहून वेळेवर जेवायला घालते.

तुझं पत्र पोचलं. नव्या घरात माशांची टाकी बसवली, पाणी भरलं, दिवा लावला, पण आत एक पान नाही. सकाळचा चहा रिकाम्या काचेकडे बघत प्यावा लागतो. तेव्हा इथून जाताना तू मला दिलेल्या स्वोर्ड प्लांटची, त्या पाण्यातल्या झाडाची, दोन पिल्लं ओल्या कागदात गुंडाळून ताबडतोब पार्सलने पाठव, असं तू लिहिलंस. वाचून जीव तुटला. पण ताई, पिल्लं म्हणजे काय औषधाच्या गोळ्या आहेत, बरणीतून काढल्या आणि दिल्या? काय काय झालं ते आधी ऐक.

तुझ्या त्या झाडाने (इथे त्याला सगळे तलवारच म्हणतात, दातांच्या दवाखान्यात हा शब्द कानावर पडला की नवे पेशंट दचकतात) मधूनच एक लांब दांडा काढला. मला वाटलं, फूल येणार. दांडा वाढत वाढत झाकणाला भिडला आणि झाकण उचलू लागला. मग त्याच्या पेरापेराला इवली इवली पानं फुटली, खाली पांढरी मुळं लोंबू लागली. ठणकणारी दाढ राहिली बाजूला, जो येतो तो काचेला नाक लावून सल्ला देतो. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर तर तोंडात कापूस कोंबलेला असतानाही बोटांची कात्री करून कापायच्या खुणा करत होते. नर्सबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आईपासून इतक्यात तोडू नका, मुळं तरी वाढू द्या." शेवटी मी दांडा वाकवून, दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याने दगडाला बांधला, म्हणजे पिल्लं वाळूला टेकतील. (तो दोरा एकदाचा कुणाच्या तरी कामी आला. पेशंट घरी नेऊन त्याचं काय करतात देव जाणे, दातांत तर घालत नाहीत.)

पुढे पहिलं पिल्लू मी मोठ्या हौसेने कापलं आणि लावलं. इथे धंदा आडवा आला. ताई, मी जन्मभर लोकांच्या मुळावर उठलेला माणूस. रोवणं या हातांना ठाऊकच नाही. त्यातून खड्डा दिसला की काठोकाठ भरायचा, दाबायचा आणि वरून गुळगुळीत करायचा, ही हाडीमाशी मुरलेली खोड. तसाच भरला. जिथून नवी पानं फुटतात तो पिल्लाचा गळाच वाळूखाली गेला. मी येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने दाखवत होतो आणि ते बिचारं आतून कुजत होतं. पानं पारदर्शक झाली, मग एकेक सुटून फिल्टरला जाऊन चिकटलं. "मान वाळूच्या वर ठेव रे," असं तू किती वेळा बजावलं होतंस! पण थोरल्या बहिणीचं ऐकायचं म्हणजे हो म्हणायचं, एवढंच मी शिकलो.

दुसऱ्याला हात लावावा, तर एंजल माशांच्या जोडीने बरोब्बर दांड्याशेजारच्या रुंद पानावर अंडी घातलेली. मी कात्री घेऊन हात आत घालायचा अवकाश, नर धावून आला आणि चावला. आजवर मला चावायची हिंमत फक्त पेशंटनी केली होती. त्याला दात आहेत की नाहीत, हे या धंद्यात असूनही मला सांगता आलं नाही. नर्सबाईंनी बोटाला पट्टी बांधली आणि बाहेर जाऊन ही बातमी सगळ्यांना दिली. त्या दिवशी खुर्चीत बसायला एकही पेशंट घाबरला नाही. आणि ती अंडी? दोनच दिवसांत त्या आईबापांनीच खाऊन टाकली. म्हणजे माझं बोट फुकट गेलं.

तर अशी सगळी रडकथा आहे. उरलेली पिल्लं अजून नाजूक आहेत. पार्सलवाले खोकं कसं आपटतात ते तुला माहीत आहेच. त्यावर बाण काढून "ही बाजू वर" लिहिलं, की ते हमखास उलटं ठेवतात. तेव्हा थोडी कळ काढ. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पिल्लं अगदीच नाजूक आहेत असं नाही. मुळं बोटभर झाली आहेत. दोन मी मान वर ठेवून लावली, त्यांना नवी पानंही फुटली.

आणखी ता. क. खरं सांगायचं तर चांगली तयार आहेत. तुझ्या भावजयीने ओला कागद, पिशवी, खोकं, सगळं काढून ठेवलं होतं. ते मी एक्स-रेच्या कपाटामागे लपवलं आहे. तू गेल्यापासून रविवारी टाकीचं पाणी बदलताना पाठीमागून कोणी ओरडत नाही, त्यामुळे पाणी बदलल्यासारखंच वाटत नाही. मला करमत नाही, ताई. पिल्लं न्यायला तू स्वतः ये. भावोजींना पाठवलंस तर त्यांच्याबरोबर नुसती वाळू देईन.

शेवटचं ता. क. रोपं पार्सलने जातात, हे मलाही ठाऊक आहे. बहीण पार्सलने येत नाही, एवढीच अडचण आहे.