चाळीस सेकंद मागचे शनिवार

मी, व्हर्लिन जोसेफ डोस्टाल, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, केबल कंपनीतला निवृत्त लाइनमन, राहणार एल्म स्ट्रीट, सीडर फोर्क, राज्य नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. लावायला घरात कोणी उरलेले नाही. तीन वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते. ते रद्द समजावे व हेच खरे मानावे.

कलम १. राहते घर, मागचे अंगण व गॅरेज यांसह, माझी एकुलती एक मुलगी थेरेसा, राहणार पोर्टलंड, राज्य ओरेगन, हिला मिळावे. मागच्या मृत्युपत्रात मी ते चर्चला देऊन टाकले होते. फादरना वाईट वाटेल, पण त्यांना त्या घराचे छप्पर दुरुस्त करावे लागले असते, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नये.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे कमरेचा पट्टा, खांबावर चढायचे आकडे, केबल सोलायची सुरी व मोठी शिडी, जिल्ह्याच्या तंत्रशाळेला द्यावीत. पट्ट्याचे चामडे अजून मऊ आहे, दर वसंतात तेल लावत आलो आहे. एकतीस वर्षे या गावातल्या प्रत्येक घरात जे चित्र दिसले, ते माझ्या हातून गेले. मालिका, हवामान, लग्नाच्या जाहिराती आणि शनिवारचा कॉलेजचा फुटबॉल. शनिवारी दुपारी मी खांबावर असलो, की खाली प्रत्येक खिडकीत तोच हिरवा चौकोन आणि तीच लाल गर्दी दिसायची. सगळे गाव एकच स्वप्न बघत आहे असे वाटायचे, आणि ते स्वप्न माझ्या हातातल्या तारेतून चालले आहे असेही वाटायचे. अभिमान होता, कबूल करतो.

म्हणून एका नाताळला थेरेसाने बोटाएवढे एक यंत्र आणून दिले, तेव्हा मी भडकलो. "बाबा, याला केबल लागत नाही. इंटरनेटवरून थेट सामना दिसतो," ती म्हणाली.

"न्हाव्याने दाढी करायला शेजारच्या गावाला जायचं का?" मी विचारले आणि यंत्र टेबलक्लॉथच्या खणात टाकले. दोन मोसम ते तिथेच पडून होते.

कलम ३. सदर यंत्र, त्याच्या रिमोटसह, थेरेसाला परत मिळावे. तिची माफी मागण्याचा हा पहिला हप्ता. दुसरा पुढे आहे.

ते यंत्र खणातून बाहेर आले ते असे. एका सप्टेंबरात, मोसमाच्या पहिल्याच शनिवारी, आमच्या केबलवरून सामन्याचा चॅनेल गायब झाला. कंपन्यांचे आपसात काही बिनसले होते म्हणे. शेगडीवर घेवडा-खिम्याची चिली रटरटत होती, भट्टीत दालचिनीचे रोल फुगत होते, मी लाल शर्ट घालून बसलो होतो आणि समोर नुसता निळा पडदा. माझी बायको आर्लीन उठली आणि खणातून यंत्र काढून आणले.

"मी ते लावणार नाही," मी म्हणालो.

"तुला कोण लाव म्हणतंय? तुझा स्वाभिमान त्या चिलीत टाक आणि ढवळत बस," ती म्हणाली. तिने स्वतःच लावले.

आधी एक चाक फिरत राहिले. मग पडद्यावर हिरवे धुके आले. त्यातून हळूहळू पांढऱ्या रेघा वर आल्या, मग लाल ठिपके, मग त्या ठिपक्यांची माणसे झाली. ऑक्टोबरसारखे तिरपे ऊन बैठकीत आले होते, आणि ते मैदानावरचे की आमच्या खिडकीतले हे क्षणभर कळेना. आर्लीनने माझ्या हातावर हात ठेवला. खांबाशिवाय, तारेशिवाय चित्र आले होते आणि मला त्याचा राग आला नाही.

आता आमच्याकडची पद्धत अशी, की टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि आपल्या रेडिओवाल्याचे वर्णन ऐकायचे. मी सवयीने रेडिओ लावला. पडद्यावर आमची पोरे अजून घोळका करून उभी होती, आणि रेडिओवाला ओरडला, "टचडाऊन!" गुण लागलेसुद्धा होते, आणि इंटरनेटचे चित्र चाळीस सेकंद मागे होते. आर्लीनने हातातले फडके मला फेकून मारले. "बंद कर ते! मला आधी कळायला नको!"

मी बंद केला. पण पुढच्या शनिवारपासून एका कानात बारीक इअरफोन घालून बसू लागलो, तिच्या नकळत. मला आधी कळायचे. मग मी पडदा बघतच नसे, तिचा चेहरा बघत असे. चेंडू हुकलेला मला माहीत असायचा, आणि तिच्यासाठी तो अजून हवेत असायचा. ती दोन्ही मुठी हनुवटीखाली धरून पुटपुटायची, "ये, ये, ये." माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर असे मी काही पाहिले असेल तर ते हेच.

कलम ४. तो रेडिओ ज्याला हवा त्याला द्यावा, फक्त थेरेसाला देऊ नये. कारण लिहितो.

आर्लीन आजारी पडली तेव्हा तिने डॉक्टरांना बजावले, की जे काही असेल ते नवऱ्याला सांगा, मला नको. त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात मला सांगितले, की नाताळ दिसणार नाही. थेरेसा त्या मोसमात दर शनिवारी सामन्याच्या वेळी फोन करायची. ती तिकडे तिच्या सोफ्यावर, आम्ही इकडे आमच्या, फोन मध्ये टेबलावर उघडा. दर वेळी ती विचारायची, "आई कशी आहे?" आणि मी म्हणायचो, "बरी आहे. तिसरा क्वार्टर चालू आहे, बघ." असे अकरा शनिवार. पोरीने आणखी थोडे दिवस सुखात हसावे, एवढेच मनात होते. बाराव्या शनिवारच्या आधी आर्लीन गेली. थेरेसा पोचली तेव्हा आईला जाऊन दोन दिवस झाले होते.

ती याच स्वयंपाकघरात, अंगातला कोट न काढता उभी राहिली. इअरफोनची गोष्ट मीच तिला सांगितली. वाटले, तिला समजेल. ती म्हणाली, "म्हणजे बाबा, तुझ्या कानात रेडिओ होता आणि मी नुसतं चित्र बघत होते." त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. माझ्याच चुकीचा राग मी तिच्यावर काढला आणि घर चर्चच्या नावाने केले. माझे चुकले, थेरेसा. आर्लीनला आधी कळायला नको होते. तुला हवे होते, आणि मी तुला विचारलेसुद्धा नाही.

कलम ५. शेजारी मायलो क्राटोचविल याला काहीही मिळू नये. त्याने छपरावर अँटेना बसवला आहे, त्यामुळे त्याचे चित्र थेट आकाशातून माझ्या आधी येते, आणि कुंपणापलीकडून त्याची आरोळी माझा सामना नासवते. किती वेळा सांगितले, उशी तोंडावर धर. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे ऐकून आहे, म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार नेमले आहे.

कलम ६. बँकेतली शिल्लक, पिकअप गाडी, चिलीचे मोठे पातेले आणि आर्लीनच्या हातची रोलची कृती थेरेसाला. कृतीच्या कागदावर लोण्याचा डाग आहे, त्याखाली दालचिनीचे माप आहे. उजेडासमोर धरल्यावर दिसते. माझा दफनविधी मोसम चालू असताना शनिवारी ठेवू नये. लोक येतील, पण मन तिथे नसेल.

कलम ७. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी मला माझ्याबद्दल जे सांगितले, ते थेरेसाला माझ्या पश्चात, या कागदासोबतच कळवावे. तिला तिकडे कामे असतात. तोवरचे दिवस तिचे सुखात जावेत.

इथवर लिहून झाले तेव्हा चार वाजले होते. मायलो आणि पोस्टातून निवृत्त झालेली डोलोरेस सही करायला आले. डोलोरेस पर्समध्ये चष्मा शोधत होती. मायलो बोट ठेवून वाचत गेला. पाचव्या कलमावर खुदकन हसला. सातव्यावर बोट थांबले. पुढचे मी जसे झाले तसे लिहितो, कारण याचा या मृत्युपत्राशी संबंध आहे.

"हे काय लिहिलंयस?" मायलो म्हणाला.

"वाचता येतं ना?"

"येतं, म्हणूनच विचारतोय. पोरीला पुन्हा मागेच ठेवणार तू?"

"साक्षीदाराने सही करायची असते. मजकुरात नाक खुपसायचं नसतं."

"मग दुसरा साक्षीदार बघ," म्हणून त्याने पेनाला टोपण लावले.

मी डोलोरेसकडे पाहिले. ती म्हणाली, "मी करीन सही, व्हर्लिन. पण मायलो बरोबर बोलतोय. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदाच बोलतेय."

"तिला आत्ता सांगितलं तर ती चिडेल माझ्यावर," मी म्हणालो. खरी भीती हीच होती, ती अशी तोंडातून बाहेर पडली.

"चिडू दे की," मायलो म्हणाला. "चिडायला समोर तू तरी असशील. आर्लीनच्या वेळी चिडायला आई कुठे उरली होती तिला?"

मी फोन उचलून थेरेसाचा नंबर लावला. तो बराच वेळ वाजला. मायलो खिडकीबाहेर बघत राहिला आणि डोलोरेसने सापडलेला चष्मा पुन्हा पर्समध्ये शोधायला घेतला.

"बाबा?" तीन वर्षांनी तो आवाज ऐकला. हवापाण्याचे न विचारता मी सगळे सांगून टाकले, डॉक्टरांच्याच शब्दांत. लाइन गेली असे मला वाटले, आणि लाइनीबद्दल मला सहसा चुकीचे वाटत नाही.

"तुला कधी कळलं हे?" तिने विचारले.

"मंगळवारी."

"आज शुक्रवार."

"हो."

"तीन दिवस," ती म्हणाली. नाक पुसल्याचा आवाज आला. "ठीक आहे. हे तीन दिवस मी सोडून देते. आईचे अकरा शनिवार सोडणार नाही. त्यावर भांडायला येते मी. उद्या दुपारी ओमाहाच्या विमानतळावर उतरते. सामन्याच्या ऐन वेळेला, सांगून ठेवते."

"मी घ्यायला येतो," मी म्हणालो. एक्कावन्न वर्षांत, खांबावर असलो तरी कानाशी रेडिओ धरून, मी एकही सामना चुकवलेला नाही, हे तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, "कोट घालून ये. वारं असतं तिथे."

सबब कलम ७ याद्वारे रद्द करण्यात येत आहे. त्यावर आडवी रेघ मारून साक्षीदारांनी आद्याक्षरे केली आहेत. रद्द करण्याचे कारण: त्यातील मजकूर संबंधित व्यक्तीस माझ्या हयातीत, माझ्या तोंडून सांगण्यात आला.

सही: व्हर्लिन जे. डोस्टाल

आमच्यासमोर सही झाली. सही करणारा शुद्धीवर होता व रडत होता. दोन्ही गोष्टी आम्ही पाहिल्या.

साक्षीदार: १. मायलो क्राटोचविल
२. डोलोरेस हॅविरलँड

ठिकाण: सीडर फोर्क, नेब्रास्का
दिनांक: २८ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार, सायंकाळी पाच वाजता