मिरी आणि येवलेकर

९ जानेवारी

या घरात माझ्या हाताने केलेलं — सशांचा पिंजरा, दोन मजली. लोखंडी अँगलची फ्रेम, अर्ध्या इंची जाळी, तारेचं एक टोक कुठे बाहेर नाही. आत जिना, पाय घसरू नये म्हणून त्याला तरटाची पट्टी. खालचा ट्रे, ओढला की आवाज न करता येतो. गवत अडकवायची जाळी. उन्हाळ्यासाठी मागे छोटा पंखा, त्याची मोटर मीच गुंडाळलेली. आणि गेल्या महिन्यात जिरीला पुरायला अंगणात खड्डा. तोही मीच.

कोणाकडे शिकलो नाही. दहावीला गणितात उडालो आणि नाशिकच्या द्वारकेला मोटर वायंडिंगचं दुकान टाकलं. मोटरी जाळल्या, उघडल्या, पुन्हा गुंडाळल्या, त्यातून शिकलो. सशांचंही तसंच. वाचून, बघून, हाताळून.

आणि ती डॉक्टरीण, आमच्या मृण्मयीच्या वयाची, आज मला म्हणते, "काका, पिंजरा एकदम मस्त आहे हो. पण मिरी पिंजऱ्याशी बोलणार आहे का?"

मिरीचे दात बघितले, पोट दाबून बघितलं, वजन केलं. काही आजार नाही म्हणाली. एकटी पडलीय. जिरी होती तोवर दोघी अंगाला अंग लावून बसायच्या, आता ही कोपऱ्यात तोंड करून बसते, मेथीचं पान नुसतं हुंगते. सशाला सशाचीच सोबत लागते. नर आणा, त्याचं नसबंदीचं ऑपरेशन मी करते, तोवर त्याला वेगळा ठेवा, मग हळूहळू ओळख.

हळूहळू! ती खाणं सोडत चाललीय आणि हळूहळू!

१० जानेवारी

मृण्मयीचा पुण्याहून फोन. दोन्ही ससे कॉलेजात असताना हिनेच आणले, बुटांच्या खोक्यातून, मला न विचारता. मग नोकरी लागली, गेली. ससे राहिले. मी तक्रार केली का? कधी नाही.

तर आज म्हणते, "बाबा, ज्यांच्याकडे आधीच ससे आहेत अशा कुणाला तरी देऊन टाका ना तिला."

देऊन टाका! जुना मिक्सर आहे का तो! फोन ठेवून दिला.

शुभांगी म्हणाली, "अहो, पोरीवर कशाला खेकसता? काय वाईट सांगितलं तिने?"

ही पण तिच्याच बाजूने.

१२ जानेवारी

समोरच्या सुलाबाई गाजरं घेऊन आल्या. किलोभर. "आणा, सशाला घालते." ससा म्हणजे गाजर, हे या लोकांना शिकवलं कोणी? गोड असतं, पोट बिघडतं. सशाला सुकं गवत लागतं, दिवसभर. चार वर्षं सांगतोय. त्या म्हणतात, "खैरनार, तुमच्या सशाला डायबिटीस आहे का?" आणि शुभांगी हसते.

दुपारी प्राण्यांच्या दुकानात गेलो. नर दाखवा म्हटलं. त्या पोऱ्याने एक कान धरून उचलला. कान धरून! मी म्हटलं, खालून हात लाव. हा नर आहे कशावरून? तर म्हणे, "घरी नेल्यावर कळतंच ना काका." माझा आवाज एवढा चढला की बाहेरचा पाणीपुरीवाला डोकावला. तसाच परत आलो.

गाजराचा हलवा झाला. खाल्ला नाही.

१५ जानेवारी

येवल्याला गेलो. तिथे एका शेतकऱ्याकडे ससे आहेत असं कळलं होतं. वाल्मीक नाव. फोनवर "या की शेठ, कधीबी या" म्हणाला. आणि गेलो तर हा गच्चीवर पतंग उडवतोय! कर होती आज. येवल्यात संक्रांतीचे तीन दिवस माणूस जमिनीवर सापडत नाही हे माझ्या लक्षातच नव्हतं. खालून हाका मारतोय तर वरून ओरडतो, "दोन मिनिटं थांबा शेठ, पेच लागलाय!"

दोन मिनिटं! परतीची एसटी निघून गेली तेवढ्यात.

एकदाचा उतरला. बोटाला मांज्याने कापलेलं, चेहरा उन्हाने लाल, तरी खूश. म्हणाला, "काटला!" मग शेडकडे नेता नेता विचारतो, "खायाला पायजे का पाळायला?"

माझं तोंड बघून तोच म्हणाला, "तसं नाय हो. इचारावं लागतं. धंदा हाय." कुठल्याशा योजनेच्या नादाने शंभर ससे आणले होते त्याने, योजनावाले पळाले, ससे राहिले. आता घटत घटत दहा-बारा. शेड मात्र स्वच्छ होती. ते लिहिलं पाहिजे.

एक करड्या रंगाचा दाखवला. "ह्यो घ्या. लय गरीब हाय." मी उलटा धरून स्वतः तपासला. वाल्मीक बघत राहिला. "म्या सांगितलं ना नर हाय म्हून?" होय, नरच होता. पण मी कोणाच्या सांगण्यावर घेत नाही.

मांडीवर टोपली घेऊन नाशिकपर्यंत आलो. पठ्ठ्याने टोपलीच्या फटीतून माझ्या शर्टाचं बटण कुरतडलं.

१६ जानेवारी

काल रात्रीच पुढचं लिहायचं होतं. रागाने वही मिटून ठेवली.

मागच्या व्हरांड्यात वेगळं खोकं तयार ठेवलं होतं मी. डॉक्टरीण बोलली तसं. पण शुभांगी दारात ताट घेऊन उभी. गाय-बैल घरात आणल्यावर करतात तसं सगळं — पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, भाकरतुकडा ओवाळून टाकला. नावही ठेवलं, येवलेकर. मग मी खोक्याकडे निघालो तर म्हणाली, "आल्या दिवशी नव्या जीवाला घराबाहेर ठेवता? बरं दिसतं का ते?"

मलाही बरं दिसेना. आणि एवढा दोन मजली पिंजरा असताना खोक्यात? मी दार उघडलं आणि त्याला आत सोडला.

मिरी! जी मिरी महिनाभर कोपऱ्यातून हलली नव्हती ती अशी झेपावली की मला कळलंच नाही काय झालं. गुरगुर ऐकली कधी सशाची? मी पहिल्यांदा ऐकली. केसांचे पुंजके उडाले. येवलेकर वर पळाला तर ही जिन्यावरून मागे. माझ्याच जिन्यावरून! हात घातला, मलाही चावली. त्याचा डावा कान फाटला.

सकाळी डॉक्टरिणीने टाके घातले. ओरडली नाही, त्याचाच जास्त राग आला. म्हणाली, "काका, ते घर तिचं आहे. अनोळखी माणूस येऊन तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहिला तर तुम्ही काय कराल?"

"चहा विचारीन," मी म्हणालो.

"ती ससा आहे काका."

१७ जानेवारी

येवलेकर व्हरांड्यात, खोक्यात. मिरी आतून दाराला नाक लावून पाय आपटते. ठण. ठण.

शुभांगीशी बोलणं बंद.

२४ जानेवारी

येवलेकरचं ऑपरेशन झालं. आता निदान तीन-चार आठवडे भेट नाही. त्यानंतरही डॉक्टरीण म्हणते भेट तुमच्या घरात नको, सगळं घर मिरीने स्वतःच्या वासाचं करून ठेवलंय. दोघांनाही परकी अशी जागा हवी.

माझ्या घरात जागा नाही! तीस वर्षं राबून बांधलेलं घर, त्यात माझ्या सशाला पाहुणा बसवायला जागा नाही. हे मी ऐकून घ्यायचं.

शुभांगीशी बोललो. तिने विचारलं नसतं तर बोललो नसतो. तिने विचारलं, "पोरगं जेवलं का?" म्हणजे येवलेकर.

१८ फेब्रुवारी

शामसुंदर गुरुजी दुकानात आले, पंचवटीहून. पाण्याची मोटर जळाली होती. यात्रेकरूंचे विधी करतात. घर मोठं, वर खोल्या. पूर्वी यजमान उतरायचे, आता सगळे हॉटेलात उतरतात. खोक्यात येवलेकर होता, मी त्याला दुकानात घेऊन बसतो हल्ली. घरी मिरीच्या पाय आपटण्याने त्याचं पोट बिघडतं.

"हे काय, खैरनार? मोटरीबरोबर ससा फुकट?"

सांगितलं सगळं. का सांगितलं कोण जाणे. म्हातारा हसला पोट धरून. "म्हणजे तुम्ही मुलीकडचे! गोत्र विचारलं का आधी? घरजावई केलात, मग कान फाटणारच त्याचा." मला अशी चीड आली की मोटर परत करावी वाटलं. पण लगेच म्हणाला, "माझी वरची खोली रिकामी आहे. तिथे तुमच्या मुलीने पाऊल टाकलेलं नाही. घेऊन या दोघांना."

बघू म्हटलं.

२० फेब्रुवारी

गेलो. रिकामी खोली, शहाबादी फरशी, एक खिडकी. मी जमिनीवर बसलो, हातमोजे घालून, मध्ये पुठ्ठा धरून. मिरी एका कोपऱ्यात, येवलेकर दुसऱ्या. तिने त्याच्याकडे पाठ केली. बस. गुरुजी दारातून म्हणाले, "पसंत नाही वाटतं मुलगा." आत येऊ नका म्हटलं मी, जोरात. आलेच. खुर्ची घेऊन बसले.

२५ फेब्रुवारी

रोज जातोय, दुकान लवकर बंद करून. गिऱ्हाईकं बोंबलतायत. बोंबलू देत.

आज येवलेकर जमिनीला पोट लावून सरकत सरकत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या हनुवटीखाली डोकं घातलं. मी पुठ्ठा धरून तयार. तिने वाट बघायला लावली त्याला. मग कपाळ चाटलं. फाटका कानही चाटला.

गुरुजी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "खैरनार, चहा घ्या." मी घेतला.

घरी आल्यावर मिरीने मेथी पाहिलीही नाही. तिथे मात्र जुडी संपवली होती.

१ मार्च

दोघांना एकाच टोपलीत घातलं, रस्ताभर एकमेकांना चिकटून होते. घरी आलो, पिंजऱ्यात सोडलं. पुन्हा तेच! नशीब हातमोजे होते.

४ मार्च

पिंजरा पूर्ण खोलला. व्हिनेगरने धुतला, उन्हात ठेवला, तरट बदललं, जिन्याची बाजू बदलली. हॉल धुतला. शुभांगीने फिनाइलने तीनदा पुसला. संध्याकाळी सोडलं तर मिरी आधी सगळीकडे हनुवटी घासत फिरली. माझं, माझं, हे माझं. आणि मग त्याच्यावर.

तिला ओरडलो. सशाला ओरडणारा मीच एक असेन.

डॉक्टरिणीला फोन केला. "काका, तिथे ती त्याच्याबरोबर नीट राहते ना? खाते ना? मग..." पुढचं ऐकलं नाही. कळलं होतं मला. पण ऐकलं नाही.

८ मार्च

आज रंगपंचमी. पंचवटीत जाऊ नको असं सगळे सांगत होते. गेलो. काल मिरीने दिवसभर काही खाल्लं नव्हतं, मग काय करणार! रहाडीकडच्या, त्या रंगाच्या दगडी हौदाकडच्या गल्लीत पोरांनी स्कूटर अडवली. टोपलीवर माझा रेनकोट घातला होता. एकाने बादली उचलली. मी असा ओरडलो की पोरं मागे सरली. "आजी आहेत का हो टोपलीत?" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "जाऊ दे काका, जा." रंग माझ्यावर टाकलाच, टोपली सुकी ठेवली. तेवढं त्यांचं मान्य.

मी पिवळा-जांभळा होऊन गुरुजींच्या खोलीत. येवलेकर दारातच उभा होता. मागच्या पायांवर. हल्ली तो तिथेच असतो. गुरुजी म्हणाले राहू दे, म्हणून राहू दिला. मिरी टोपलीतून उतरली ती थेट गवतावर. खात सुटली. मचमच आवाज येत होता, दोघांचा.

गुरुजी म्हणाले, "ठेवा ना तिला इथेच. रोज न्यायची-आणायची, मुकं जनावर. मी बघतो त्यांचं. मला काय काम असतं दुपारनंतर? रात्री जिना चढून येतो मी, खोटं नाही सांगत. बोलतो त्याच्याशी."

मी म्हटलं, "गुरुजी, मी जोडीदार न्यायला आलोय. ठेवून जायला नाही." आवाज चढला. ते म्हणाले, "बरं, बरं."

पण त्यांच्या कपाटाखालची वायर उघडी होती, ती आधी झाकली मी. ससे कुरतडतात. मग खिडकीला जाळी बसवली.

११ मार्च

मृण्मयीचा फोन. शुभांगीने सगळं सांगितलेलं. "बाबा, ती तिथे खाते ना?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, खाते. मग तीच म्हणाली, "मी येऊ का शनिवारी?"

ये म्हटलं.

१२ मार्च

ठरलं. नवा पिंजरा करणार. अंगणाच्या पलीकडे, घराला न लागता, मिरीचा पाय कधी पडला नाही अशा जागी. पत्र्याचं छप्पर. अँगल उद्या आणतो. माझ्या सशाला माझ्याच आवारात सोबत मिळेल, नाही कशी मिळत! शुभांगी म्हणाली, "उन्हाळा तोंडावर आलाय, पत्र्याखाली भाजतील हो दोघं." दुहेरी छप्पर करीन म्हटलं. ती म्हणाली, "आणि तोवर ती काय खाईल?"

मी मोजपट्टी घेऊन अंगणात गेलो.

१४ मार्च

मृण्मयी आली. तिघं पंचवटीत गेलो, आणि येताना टोपली रिकामी आणली. गुरुजी जिन्यापर्यंत पाकीट घेऊन मागे आले — "आयुष्यभर दक्षिणा घेतली खैरनार, एकदा देऊ तरी द्या." पाच हजार एक होते. घेतले नाहीत.