हळदीत कॅमेरा कुणाच्या खांद्यावर

बाबा, तुम्ही असता तर आज मला हसला असता, आणि मी चिडले असते. गेला महिनाभर मी एकच वस्तू शोधत होते, आपला जड कॅमेरा न हलता धरून ठेवील असं काहीतरी. मानेची गादी सरकली आहे, डॉक्टरांनी खांद्यावर वजन घ्यायला साफ मनाई केली आहे. "हलका कॅमेरा घे ना मग," हे ज्याला त्याला सुचतं. मांडवातल्या पिवळ्या दिव्यांत हळद हळदीसारखी दिसायला हाच लागतो, हे कुणाकुणाला सांगत बसू?

आधी गिंबल आणला, म्हणजे तो मोटरवाला दांडा. दोन पावलं चाललं की वजनाने मान टाकतो आणि कोकलतो. ट्रायपॉड तुम्हीच हळदीतून बाद केला होता, त्याच्या पायांत अख्खं वऱ्हाड अडखळतं. राहिलं ते जॅकेट, ज्याला पुढे स्प्रिंगचा हात असतो आणि सगळा भार कमरेवर येतो. ठाण्यातल्या दुकानदाराने विचारलं, "मॅडम, ऑपरेटर कुठंय? त्याचं माप लागेल." मीच ऑपरेटर म्हटल्यावर तो भिंतीकडे बघत पट्टे ओढत बसला. ते कवच पुरुषाच्या छातीसाठीच घडवलेलं, कसंही आवळलं तरी मला धड श्वास घेता येईना. तरी भाड्याने आणलं. हट्ट तुमचाच ना अंगात!

येत्या रविवारी खाडीकाठच्या कोळीवाड्यात हळद आहे. ज्या आजींच्या मुलाची हळद तुम्ही शूट केली होती, त्यांच्याच नातीची. तो दिवस मला अजून दिसतो. मी लाइटची वायर धरून मागे उभी आहे, बँजो सुरू होतो, आणि तुम्ही गुडघे सैल सोडून कॅमेऱ्यासकट नाचणाऱ्यांच्या मधोमध शिरता. "वायरकडे काय बघतेस? माझे गुडघे बघ," तुम्ही ओरडता. परवा तिच्या साखरपुड्याला मी ते जॅकेट घालून शूट केलं. चित्र इतकं स्थिर आलं की मीच खूश. आजींना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "गो पोरी, ही मानसं नाचतान का तरंगतान? तुझा बापूस आमच्यान नाचायचा."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग. त्यांचा नाही, तुमचा. तुम्ही एक रीत घालून दिलीत आणि निघून गेलात, आणि ती चालवायला तुमचाच खांदा लागतो.

जॅकेट परत केलं. रविवारी कॅमेरा डोंबिवलीच्या एका ऑपरेटरच्या खांद्यावर असेल, बरं काम आहे त्याचं. आजींना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "तू ये गो नुसती. जेव, नाच." हे मी मोबाइलवर लिहिते आहे. तुमचा नंबर अजून ठेवलाय, पण कंपनीने तो आता दुसऱ्या कुणाला तरी दिलेला आहे, म्हणून पाठवत नाही. बाबा, एवढी लग्नं शूट केली आपण, पण हातात कॅमेरा नसताना मांडवात कसं उभं राहायचं, ते मला येत नाही.