मुलांना सावरण्याचे रविवार

१२ जानेवारी, रविवार, सकाळी ६.४०
नवीन उपक्रम. महिन्यातून एकदा नातवंडांना नोएडाच्या बोटॅनिकल गार्डनला न्यायचं. आम्ही दिल्लीत मयूर विहारला, मुलं नोएडात. मी मेट्रोने जायचं, आमच्या जावयाने, समाधानने, त्यांना गेटवर सोडायचं. विनय अकरा वर्षांचा, मयुरा सहाची. सप्टेंबरमध्ये त्यांच्या आईचं, आमच्या समताचं, ते झालं. तेव्हापासून मुलं फार गप्प असतात. जावई सज्जन, पण आयटीवाला. रविवारीही लॅपटॉप. आई नसलेल्या मुलांपाशी कुणीतरी खंबीर माणूस हवा. मी मिनिस्ट्रीत जन्म काढला आहे.
बायकोने, प्रभाने, विचारलं, हे मुलांसाठी की तुमच्यासाठी? मी बुटांच्या नाड्या बांधल्या. मला झोप लागत नाही, पण ते वयामुळे.

रात्री ८
धुकं. एकही झाड धड दिसलं नाही. एकाला अर्जुन समजून बरीच माहिती दिली. जवळ गेल्यावर पाटीवर जांभूळ निघालं. मुलांना म्हटलं, लांबून सारखेच दिसतात. मयुरा सारखी घरी कधी जायचं विचारत होती. एकंदरीत यशस्वी.

२ मार्च, रविवार
काटेसावर फुलली आहे. ठरवलंय, मुलांना झाडांची मराठी नावं शिकवायची. विनय म्हणाला, आजोबा, इसे सेमल बोलते हैं. म्हटलं, तुझी आई काटेसावरच म्हणायची. त्याने विचारलं, मम्मी को पता था? कधी म्हणायची?
मी लगेच दोघांना निवडुंगांकडे नेलं. मुलांना त्या विषयावर रेंगाळू द्यायचं नाही. विनय मात्र वळून वळून काटेसावरीकडे बघत होता. वनस्पतिशास्त्राची गोडी लागतेय.

२० एप्रिल, रविवार
आज समाधान आत आला. बरोबर त्याच्या ऑफिसातल्या ऋचा मॅडम. झाडांची आवड आहे म्हणाल्या. त्यांना प्रकाशसंश्लेषण सविस्तर समजावलं. उन्हात उभं राहून सगळं ऐकलं. आयटीवाल्यांत इतकी जिज्ञासा विरळाच. मयुरा थंड पाणी पीत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलेलं. साधं पाणी वेगळ्या बाटलीत आणलं होतं. निरीक्षण चांगलं आहे.
रात्री प्रभाला सांगितलं. ती अच्छा म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

१८ मे, रविवार
बहावा पिवळाधमक. ऊन भयानक. ऋचा मॅडम पुन्हा आल्या. मयुरा दमून त्यांच्या मांडीवर झोपली. माझीही मांडी रिकामीच होती. पण माझ्या खिशात पेन, चष्म्याचं घर वगैरे असतं, मुलांना टोचतं. पुढच्या वेळी खिसे रिकामे ठेवायचे.

१३ जुलै, रविवार
पाऊस येऊन गेला होता. मयुराची एकच वेणी. कुणी घातली विचारलं तर म्हणाली, ऋचा आंटीने. समता नेहमी दोन घालायची. म्हटलं, ये, आजोबा नीट घालून देतात. बाकावर बसवून वेणी सोडली. भांग सरळ पडेना. रबर तुटला. दुसरा केसांत अडकला. मयुरा रडायला लागली. विनय म्हणाला, रहने दो ना, आजोबा. आवाज अगदी समाधानसारखा. मग ऋचा मॅडमनी गुंता सोडवला, माझ्याकडे न बघता.
हल्ली रबरांची क्वालिटी फार खराब.

२४ ऑगस्ट, रविवार
बाग रद्द. समाधान एकटाच घरी आला. म्हणाला, बाबा, तुमच्याशी एक बोलायचं होतं. मी ओळखलं, नोकरी बदलायचा विचार. त्याला बोलायलाच लागू नये म्हणून मीच सुरुवात केली. अप्रेझलपर्यंत थांब, घाईत निर्णय घेऊ नकोस, जुनं सोडून नव्यात काही खरं नसतं. बराच वेळ बोललो. त्याने चहा संपवला, पाया पडला आणि गेला.
प्रभा म्हणाली, बोलू का दिलं नाहीत त्याला? म्हटलं, त्याला काही बोलायचंच नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
सातवीण फुलली आहे. वासाने डोकं दुखतं. मयुरा पुढे फुलपाखरांमागे. विनय माझ्याबरोबर चालत होता. मध्येच थांबून म्हणाला, आजोबा, पप्पा आणि ऋचा आंटी डिसेंबरमध्ये लग्न करणार आहेत. पप्पांना तुम्हाला सांगायची भीती वाटते, म्हणून मी सांगतोय.
म्हटलं, मला माहीत होतं.
तो म्हणाला, नाही, तुम्हाला नव्हतं माहीत.
मग म्हटलं, गार्डनला येणं सोडू नका, तुम्हाला सवय झालीय. तो बुटाने माती उकरत राहिला. म्हणाला, रविवारी माझं फुटबॉल असतं. पप्पा बोले थे, आजोबा अकेले पड़ जाएँगे, इसलिए आते हैं.
मुलांना आइस्क्रीम घेऊन दिलं. स्वतःला घेतलं नाही. दाताचा त्रास.

रात्री
प्रभाला एप्रिलपासून माहीत होतं. ऋचा तिला दोनदा भेटून गेली. मला का सांगितलं नाहीस विचारलं. म्हणाली, वर्षभर समताचं नाव काढलं की तुम्ही उठून बाल्कनीत जाता. कधी सांगणार होते?
बाल्कनीत जाऊन बसलो.

१६ नोव्हेंबर, रविवार
हवा वाईट, बाग रद्द. ऋचा आज घरी येणार म्हणून आक्षेप मुद्देसूद काढले. मुलांचा अभ्यास, घाई, लोक काय म्हणतील वगैरे. फार ठाम भूमिका घ्यायची ठरवली.

संध्याकाळी
ती समोर बसली. म्हणाली, बाबा, मला मम्मी म्हणा असं मी मुलांना कधी सांगणार नाही. त्यांची मम्मी समताच. माझे मुद्दे काही केल्या आठवेनात. शेवटी म्हटलं, मयुराच्या दोन वेण्या घालत जा. ती म्हणाली, मयुराच एक घाला म्हणते. दोन घातल्या की तिला रडू येतं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार
गेल्या रविवारी बुद्धविहारात लग्न झालं. साधं, नीट. मी पहिल्या रांगेत होतो. खंबीर. मुलं सुट्टीत ऋचाच्या आईवडिलांकडे भोपाळला गेली आहेत. मयुराचा फोन आला. तिकडच्या आजोबांकडे कुत्रा आहे.
आज जायचं कारण नव्हतं. तरी सकाळी बूट घातले. प्रभा म्हणाली, थांबा, मी येते. वर्षभरात पहिल्यांदा आली. थंडीत बाकावर बसलो. तिला समोरच्या झाडाची माहिती द्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. विचारलं, शेवटी समता काय म्हणाली गं? तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाली औषधं आणायला गेलो होतो. वर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर कधी विचारलंच नाही.
प्रभा म्हणाली, विशेष काही नाही. मुलांचे डबे कोण भरतंय, विचारलं. मी म्हटलं, मी भरते. तर म्हणाली, विनयला भेंडी नको देऊस.
एवढंच? म्हटलं.
एवढंच.
प्रभाने पर्समधून रुमाल काढून दिला. मी म्हटलं, दिल्लीत हल्ली धूर फार, डोळे चुरचुरतात.
ती हो म्हणाली.