तिसऱ्या सीटचा विमा

आप्पा,

तुम्ही रानातून येईपर्यंत माझी बंगळूरची गाडी निघून जाईल, म्हणून लिहून ठेवते. आपण दोघांनी खपून बांधलेल्या व्हॅनचा विमा काढलाय. एजंट आत बसवलेली शेगडी आणि पलंग कंपनीपासून लपवून स्वस्तात देत होता. पण मग अपघात झाल्यावर भरपाई नाकारली असती. त्याऐवजी विकलेल्या जीपचा नो-क्लेम बोनस, म्हणजे कधी भरपाई न मागितल्याची सूट, इकडे वळवला. चांगले साडेतीन हजार वाचले.

"तू चाललीस न्हवं? मग तिसऱ्या सीटचं पैसं कशाला भरायचं?" असं म्हणाला होतात. तेही भरलेत, माझ्या पहिल्या पगारातून फेडेन. आईला घेऊन गोकर्णला खुशाल जा. फक्त त्या सीटवर कांद्याची पिशवी ठेवू नका. पट्टा माझ्या मापाला लावलाय, तो तसाच राहू द्या.

राजनंदिनी